पणजीचा पिनकोड मूळ संख्या आहे, हे सिद्ध कसं करायचं?

गोव्यातल्या पाच शहरांचे पिनकोड एकाखाली एक लिहा: वास्को ४०३८०२, फोंडा ४०३४०१, मडगाव ४०३६०१, म्हापसा ४०३५०७, पणजी ४०३००१. पहिले चार फुटतात, पणजीचा फुटत नाही. तो मूळ आहे.

संगणकाला विचारलं तर तो हे डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगेल. पण त्याच्या सांगण्यावर विश्वास कशाला ठेवायचा? ह्या लेखात आपण असा पुरावा तयार करणार आहोत, जो कुणीही बारा आकडी कॅल्क्युलेटर घेऊन बसला तर ओळ न् ओळ तपासू शकेल. हीच रीत पुढे शेकडो आकड्यांच्या संख्यांनाही लागू पडते. म्हणून सहा आकड्यांवर हात बसवून घेणं फुकट जात नाही.

लिहिण्याची सोय आधी सांगतो. ३^४ म्हणजे ३ चा चौथा घात. "→" ह्या बाणाच्या उजवीकडे ४०३००१ ने भागल्यावर उरणारी बाकी असेल.

पायरी १: सोपे विभाजक झटकून टाका

वास्कोची संख्या सम आहे, विषय संपला. फोंड्याच्या अंकांची बेरीज ४+०+३+४+०+१ = १२, म्हणजे ३ ने भाग जातो.

७, ११ आणि १३ ह्यांची वेगवेगळी कसोटी लावायची गरज नाही. ७×११×१३ = १००१ हे लक्षात ठेवा. त्यामुळे सहा आकडी संख्येच्या शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा करायचे आणि उरलेल्या छोट्या संख्येला ह्या तिघांनी भागून पाहायचं. गोव्यात हे आणखी सोपं, कारण आपले सगळे पिनकोड ४०३ नेच सुरू होतात. मडगाव: ६०१ − ४०३ = १९८, आणि १९८ = ११×१८. म्हणून ४०३६०१ = ११×३६६९१. म्हापसा: ५०७ − ४०३ = १०४ = १३×८, म्हणून ४०३५०७ = १३×३१०३९. पणजी: १ − ४०३ = −४०२. ह्याला ७, ११, १३ पैकी कुणाचाच भाग जात नाही.

३७ साठीही अशीच युक्ती आहे. ९९९ = २७×३७, म्हणून तिथे वजाबाकीऐवजी बेरीज करायची. पणजीसाठी ४०३ + १ = ४०४, आणि ४०४ ला ३७ ने भाग जात नाही.

पायरी २: वर्गमूळापर्यंतचा सरळ रस्ता

संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर त्यांतला धाकटा तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही. ६३४ चा वर्ग ४०१९५६ आणि ६३५ चा ४०३२२५. म्हणजे ६३४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. अशा मूळ संख्या ११५ आहेत, शेवटची ६३१.

हे एका संध्याकाळचं काम आहे आणि विद्यार्थ्यांनी ते एकदा तरी करावंच. मात्र प्रत्येक भागाकाराची बाकी लिहून ठेवा, ती वाया जात नाही. ४०३००१ ला एखाद्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी त्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी आली, तर ४०३००३ ला तिने भाग जातो. पूर्ण यादीत असं एकदाही होत नाही. म्हणजे ४०३००३ सुद्धा मूळ आहे आणि ह्या दोघी जोडमूळ संख्या, म्हणजे दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्या, आहेत! ४३९ पाशी मात्र थोडक्यात हुकतं: ४३९×९१८ = ४०३००२, दोघींच्या अगदी मधली.

पद्धत पक्की आहे, पण तिचा जीव लहान. आकडे दुप्पट झाले की भागाकार दुप्पट होत नाहीत, हजारपटीच्या घरात वाढतात. तीस आकड्यांची संख्या ह्या वाटेने हाती तपासायला आयुष्य पुरणार नाही.

पायरी ३: फर्माची चाळणी, आणि तिची भोकं

फर्माचं छोटं प्रमेय असं: संख्या न मूळ असेल आणि अ ला न ने भाग जात नसेल, तर अ^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, मग तिचे अवयव आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल. गंमत अशी की संख्या फुटते हे कळतं, पण कुठे फुटते ते कळत नाही.

उलट दिशेने मात्र फसगत होते. ३४१ = ११×३१ ही संयुक्त संख्या, तरी २^३४० ची तिच्या सापेक्ष (म्हणजे तिने भागल्यावरची) बाकी १ च येते. ५६१ = ३×११×१७ तर त्याहून लबाड: तिच्याशी सहमूळ असलेला कुठलाही आधार (म्हणजे वरचा अ) घ्या, ती चाळणीतून सुटते.

ह्यावर मिलर आणि राबिन ह्यांनी चाळणी बारीक केली. घातांक निम्मा निम्मा करत १ ची वर्गमुळं तपासायची आणि वाटेत १ किंवा −१ सोडून १ चं दुसरं वर्गमूळ दिसलं तर संख्या संयुक्त ठरवायची. आधार २ आणि ३ ह्या दोघांनाही फसवणारी सर्वांत लहान संयुक्त संख्या १३७३६५३ आहे. म्हणजे देशातला कुठलाही सहा आकडी पिनकोड ह्या दोन आधारांवर टिकला तर तो मूळच. पण ही खात्री कुणीतरी आधी करून ठेवलेल्या यादीवर उभी आहे. शंभर आकड्यांपाशी अशी यादी नसते. तिथे ही चाळणी "बहुधा मूळ" एवढंच म्हणते.

बहुधा आणि नक्की ह्यांतल्या दरीवर गोव्याच्याच एका मोठ्या माणसाने पूल बांधू पाहिला होता. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याकडे इतिहासकार म्हणून जास्त ओळखले जातात, पण ते मुळात गणिती. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांनी संभाव्यताशास्त्र वापरून मूळ संख्यांच्या विभागणीवर काम केलं आणि त्याच वाटेने रीमानच्या गृहीतकाकडे, म्हणजे ह्या विभागणीबद्दलच्या एका न सुटलेल्या प्रश्नाकडे, जायचा प्रयत्न केला. गणितज्ञांनी ती सिद्धता मानली नाही. मला ह्यात कोसंबींचा कमीपणा वाटत नाही. मूळ संख्या दुरून पाहिल्या तर नाणं उडवल्यासारख्या विखुरलेल्या दिसतात आणि तो मोह भल्याभल्यांना पडतो. आपण पिनकोडापुरता तो टाळू.

पायरी ४: प्रमाणपत्र

हा लेखाचा गाभा. वही घ्या.

आधी संख्येतून १ वजा करा: ४०३०००. तिचे अवयव पाडा: ४०३००० = २^३ × ५^३ × १३ × ३१. म्हणजेच १००० × ४०३. पणजीच्या संख्येचं नशीब इथे दिसतं. न−१ इतक्या सहज फुटणं ही चैन प्रत्येक संख्येला मिळत नाही.

१९१४ मध्ये पॉकलिंग्टन ह्यांनी दाखवलं की न−१ चा वर्गमूळापेक्षा मोठा एक भाग जरी पूर्ण फोडता आला आणि उरलेल्या भागाशी तो सहमूळ असला, तरी पुरतं. आपल्याकडे तो भाग १००० आहे, वर्गमूळ ६३४ च्या जवळ. १००० मध्ये मूळ अवयव दोनच, २ आणि ५. म्हणून तीन गोष्टी दाखवायच्या:

३^४०३००० → १
३^(४०३०००÷२), म्हणजे ३^२०१५००, वजा १, ह्याचा ४०३००१ शी मसावि १
३^(४०३०००÷५), म्हणजे ३^८०६००, वजा १, ह्याचाही मसावि १

आधार ३ का? २ चालत नाही. ४०३००१ ला ८ ने भागल्यावर बाकी १ येते आणि अशा मूळ संख्येसमोर २^२०१५०० ची बाकी १ च येते, मग दुसरी अट पडते. ३ ला ती अडचण नाही.

इतका मोठा घात काढायचा कसा, तर वर्ग करत. प्रत्येक वर्गाला लगेच ४०३००१ ने भागायचं आणि बाकीच पुढे न्यायची. कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची रीत अशी: भागा, दशांश टाकून द्या, उरलेल्या पूर्णांकाला ४०३००१ ने गुणा, जिला भागलं त्या संख्येतून वजा करा. बाकी निम्म्याहून मोठी आली तर तिच्यातून ४०३००१ वजा करून ऋण लिहा, पुढचे गुणाकार लहान होतात. उदाहरणार्थ ३^८ = ६५६१, त्याचा वर्ग ४३०४६७२१, बाकी ३२८६१५. ही लिहायची −७४३८६.

३^१६ → −७४३८६
३^३२ → ७३२६६
३^६४ → −६६५६४
३^१२८ → १७३१०२
३^२५६ → −३०९४९

आता ४०३ = २५६ + १२८ + १६ + ३. त्या त्या ओळींचा गुणाकार करून शेवटी २७ ने गुणलं की

३^४०३ → ११५३०

इथून पाच-पाचच्या उड्या. ११५३० चा वर्ग −४९४३०, त्याचा वर्ग −७०१६३, त्याला ११५३० ने गुणून पाचवा घात −१५६३८३. हीच उडी पुन्हा: वर्ग −६९९९५, त्याचा वर्ग १६८६८, त्याला −१५६३८३ ने गुणलं की −२२६८९९, म्हणजेच १७६१०२. घातांक झाला ४०३×२५ = १००७५. पुढे नुसते वर्ग:

३^१००७५ → १७६१०२
३^२०१५० → १८१४५२
३^४०३०० → ४९६०५
३^८०६०० → −६८०८१
३^१६१२०० → १०८०६०

१६१२०० + ४०३०० = २०१५००. म्हणून १०८०६० × ४९६०५ = ५३६०३१६३००. आणि ४०३००१ × १३३०१ = ५३६०३१६३०१. एकाचा फरक!

३^२०१५०० → −१

हा −१ पहिल्यांदा आपल्या हाताने निघतो तेव्हा बरं वाटतं, आणि त्याला कारणही आहे. वरच्या कुठल्याही ओळीत एक अंक जरी चुकला असता, तर इथे काहीतरी वेडीवाकडी संख्या आली असती. गणिताने आपली वही स्वतःच तपासून दिली.

आता अटी पाहा. −१ चा वर्ग १, म्हणून ३^४०३००० → १. पहिली झाली. −१ वजा १ म्हणजे −२, आणि विषम संख्येचा २ शी मसावि १. दुसरी झाली. तिसरीसाठी −६८०८१ − १ = −६८०८२. युक्लिडच्या रीतीने ४०३००१ आणि ६८०८२ ह्यांच्या बाक्या काढत गेलं की ६२५९१, ५४९१, २१९०, ११११, १०७९, ३२, २३, ९, ५, ४, १. मसावि १. प्रमाणपत्र पूर्ण.

हे पुरावा कसा ठरतं? समजा ४०३००१ ला र ह्या मूळ संख्येने भाग जातो. आता बाक्या र च्या सापेक्ष पाहा. ११५३० चा १००० वा घात १ आहे. ५०० वा घात −१ आहे, म्हणजे १ नाही. २०० वा घातही १ नाही, कारण तो असता तर तिसऱ्या अटीतला मसावि र ने वाढला असता. तेव्हा ११५३० चा जो सर्वांत लहान घात १ देतो, त्याच्या घातांकाने १००० ला भाग जातो, पण ५०० ला किंवा २०० ला जात नाही. असा घातांक एकच, खुद्द १०००. आणि फर्माचं प्रमेय सांगतं की र−१ ला ह्या घातांकाने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे र किमान १००१. पण संयुक्त संख्येचा एक तरी मूळ विभाजक ६३४ च्या आत हवा. तो असूच शकत नाही. पणजी मूळ.

११५ भागाकारांच्या जागी वीस-पंचवीस गुणाकार. आकडे वाढतील तशी ही तफावत डोंगराएवढी होते.

पायरी ५: त्याच वहीतून दोन वर्ग

४ ने भागल्यावर बाकी १ देणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि तीही एकाच प्रकारे. फर्माने हे सांगितलं, ऑयलरने सिद्ध केलं. ४०३००१ ची बाकी १ आहे. ते वर्ग शोधायला चाचपडायची गरज नाही, सामान आपल्याकडे आहे.

३^२०१५०० → −१, म्हणून त्याच्या निम्म्या घाताचा वर्ग −१. निम्मा घात १००७५० = ८०६०० + २०१५०. गुणाकार: −६८०८१ × १८१४५२ → १५९०४२. म्हणजे १५९०४२ हे ४०३००१ च्या जगात −१ चं वर्गमूळ आहे. पडताळा हवा तर १५९०४२ चा वर्ग करून त्यात १ मिळवा, ४०३००१ ने निःशेष भाग जाईल.

आता ४०३००१ आणि १५९०४२ ह्यांच्यावर युक्लिडची रीत चालवा आणि बाकी ६३४ च्या खाली उतरेपर्यंत थांबू नका: ८४९१७, ७४१२५, १०७९२, ९३७३, १४१९, ८५९, ५६०. उतरली. पुढची बाकी २९९.

५६०² + २९९² = ३१३६०० + ८९४०१ = ४०३००१

हायस्कूलच्या मुलांना ह्यातून आणखी एक खाऊ मिळतो. ५६०² − २९९² = २२४१९९ आणि २×५६०×२९९ = ३३४८८० ह्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू घेतल्या तर कर्ण बरोबर ४०३००१.

उलटा उपयोगही आहे. एखादी संख्या दोन वेगळ्या प्रकारे दोन वर्गांत मांडता आली तर ती संयुक्त. ऑयलरने १०००००९ ही संख्या अशीच पाडली: १०००००९ = १०००² + ३² = २३५² + ९७२², आणि ती फुटते २९३×३४१३ अशी.

पायरी ६: खरोखर मोठ्या संख्यांकडे

र किमान १००१ असा जो निष्कर्ष आपण काढला, तसाच विचार ऑयलरने १७७२ मध्ये २^३१ − १ = २१४७४८३६४७ साठी केला. ह्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६२ ने भागल्यावर बाकी १ देणाराच असावा लागतो. त्यामुळे ४६३४० पर्यंतच्या बहुतेक मूळ संख्या न भागताच बाद झाल्या. उरलेल्या तपासून त्याने ती मूळ असल्याचं दाखवलं.

२^प − १ ह्या साच्याच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. त्यांच्यासाठी ल्युका आणि लेमर ह्यांची कसोटी सगळ्यांत सुटसुटीत आहे. प विषम मूळ संख्या घ्या. ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, आणि मर्सेन संख्येने भागून बाकी. हे प−२ वेळा केल्यावर ० आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. १२७ = २^७ − १ साठी पाच वेळा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. हे तोंडी जमतं.

१८७६ मध्ये ल्युकाने आपल्या पद्धतीने दाखवलं की २^६७ − १ संयुक्त आहे, पण अवयव त्यालाही माहीत नव्हते. ते १९०३ मध्ये कोल ह्यांनी दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. पायरी ३ मधली गंमत ती हीच. फुटते हे कळणं आणि कुठे फुटते हे कळणं ह्यांत इथे २७ वर्षं गेली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट ह्यांनी शोधलेली २^१३६२७९८४१ − १ ही मर्सेन मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. तीही आधी फर्माच्या चाळणीतून "बहुधा मूळ" म्हणून निघाली आणि मग ल्युका-लेमर कसोटीने तिच्यावर शिक्का बसला.

सर्वसाधारण संख्येसाठी कानपूरच्या आयआयटीतल्या मनींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ह्यांनी २००२ मध्ये अशी रीत दिली, जी कुठल्याही संख्येचा निकाल आकड्यांच्या बेताने वाजवी वेळेत आणि शंभर टक्के खात्रीने लावते. सिद्धान्त म्हणून ते फार मोठं काम. रोजच्या वापरात मात्र मिलर-राबिन आणि प्रमाणपत्रांच्याच पद्धती चालतात, कारण त्या झपाट्याने उरकतात.

स्वतः करून पाहायला

४०३ ने सुरू होणाऱ्या हजार सहा आकडी संख्यांत साधारण तेरातली एक मूळ असावी, असा मूळ संख्या प्रमेयाचा अंदाज आहे. म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास. तुमच्या गावचा पिनकोड त्यात असेल तर आधी त्यातून १ वजा करून अवयव पाडा. संगणक हाताशी असेल तर पायथॉन ह्या संगणकभाषेत पॉव (pow) ह्या आज्ञेला आधार, घातांक आणि भाजक असे तीन आकडे द्या, बाकी लगेच मिळते. आपल्या वहीतल्या ओळी तिच्याशी ताडून पाहा.

पहिला सराव म्हणून ४०३००३ घ्या. इथे न−१ = ४०३००२ = २ × ३^३ × १७ × ४३९. वर्गमूळाच्या वर जायला २×४३९ = ८७८ पुरतं आणि उरलेल्या ४५९ शी ते सहमूळ आहे. आधार २ चालेल, कारण ह्या वेळी ८ ने भागल्यावर बाकी ३ येते. दाखवायचं एवढंच: ४०३००३ च्या सापेक्ष २^२०१५०१ ची बाकी −१, आणि २^९१८ वजा १ चा ४०३००३ शी मसावि १.